नांदगाव पेठेत आपलं स्वागत

दुरून आलेल्या संशोधक बंधू-भगिनींनो,

बाहेरचे लोक आमचं गाव महामार्गावरच्या टोलनाक्यामुळे आणि एमआयडीसीतल्या कापड कारखान्यांमुळे ओळखतात. पण याच रस्त्याने नागपूरकडे गेलात, की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी लागतं. अमरावतीकडे वळलात, की तपोवन.

तपोवनावर जरा जास्त बोलतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, आमचे दाजीसाहेब, होमिओपॅथीचे डॉक्टर. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्या कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी 1946 साली तपोवन उभारलं. तिथे रुग्णांनी शेती केली, सुतारकाम केलं, मानाने भाकर खाल्ली. आमच्या पोरांना दाजीसाहेबांचं नाव आता आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमचा विषय, संप्रेरकं आणि बाईचं हृदय. मी समजून घेतला तो एवढा: रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्या पेशींकडून नायट्रिक ऑक्साइड तयार करवतं आणि वाहिनी सैलावते. पाळी गेली की हा आधार ओसरतो. पण वरून संप्रेरक दिलं की भागतं, असंही नाही. 2002 साली अमेरिकेतली संप्रेरकांची मोठी चाचणी फायद्यापेक्षा धोका जास्त दिसल्याने मध्येच थांबवावी लागली. आपल्या शास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी मुंबईत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांचा हात शोधला. त्याच वाटेवर तुम्ही आहात.

माझी माय आयुष्यभर कापूस वेचत होती. पाठ दुखते, दम लागतो म्हणाली, तर आम्ही बाम चोळत बसलो. बाईचं हृदय असं बोलतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या, त्याबद्दल हात जोडून माफी मागतो. काहींना शाळेच्या वर्गात झोपावं लागेल. पाणी टँकरचं आहे, लाईट गेली तर जनरेटर लावायला पाच मिनिटं लागतील. जेवणात रोडगे-वांग्याची भाजी. तिखट सोसत नसेल त्यांच्यासाठी वरण वेगळं केलं आहे. जिनिंगवाले, कापड उद्योजक, संत्रा बागायतदार, शाळेचे गुरुजी, खुर्च्या उचलणारी पोरं आणि नाव न सांगता गहू पाठवणारे शेतकरी, या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

तुमचा स्वयंपाक बचत गटाच्या बायका करत आहेत. उद्या दुपारी तीन वाजता त्या हात धुऊन याच मंडपात बसतील. तुमच्यापैकी कोणीतरी त्यांच्याशी अर्धा तास मराठीत बोला.