ज्येष्ठतेचा क्रमांक आणि नवा तळ



सरकारी नोकराच्या आयुष्यात दोन कागदांचे महत्त्व फार मोठे. एक बदलीचा हुकूम आणि दुसरा ज्येष्ठतेची यादी. आपण कोठे राहावयाचे हे पहिला कागद ठरवितो. केव्हा वर चढावयाचे हे दुसरा. आमच्याकडे हे कागद निरनिराळ्या टेबलांवरून येतात. परंतु एक व्यवसाय असा आहे की, तेथे यादीतील क्रमांकच माणसाचे पद, त्याचे गाव आणि त्याची नाताळची सुट्टीसुद्धा ठरवितो. तो म्हणजे अमेरिकेतील मोठ्या विमान-कंपन्यांच्या वैमानिकांचा.

तेथे नोकरीस लागताच वैमानिकाला ज्येष्ठतेचा क्रमांक मिळतो. वरची माणसे पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात, तसतसा तो वर सरकतो. दरमहा उड्डाणांचे वेळापत्रक निघाले की प्रत्येकाने आपली पसंती कळवावयाची आणि यादीच्या क्रमाने ती पुरवावयाची. कंपनी सोडली की क्रमांकही सुटला. वीस वर्षांचा मुरलेला कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला, तर तो यादीच्या शेवटी जाऊन बसतो.

यात गुणांची कदर कोठे आहे, असे कोणी विचारील. वैमानिकांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. हवा बिघडली असता ‘मी उड्डाण करणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कप्तानाला हवा. बढती जर वरिष्ठांच्या मर्जीवर राहिली, तर तो शब्द ओठांतच अडेल. यादी मर्जी ओळखत नाही. हाच तिचा गुण.

आता तळाविषयी. ज्या शहरात वैमानिकाची कामगिरी सुरू होते आणि संपते, तो त्याचा तळ. बाहेरगावच्या मुक्कामाचा खर्च कंपनी देते; तळावरची सोय ज्याची त्याने पाहावयाची. कंपनीने नवा तळ उघडला की तेथील जागा यादीच्या क्रमाने देऊ केल्या जातात. ज्येष्ठ मंडळींचे घर झालेले असते, मुले शाळेत रुळलेली असतात. त्यांतले पुष्कळ जण जागचे हलत नाहीत. मग एरवी आणखी काही वर्षे सहवैमानिक म्हणून काढावी लागली असती, अशा तरुणाला तेथे कप्तानपद मिळू शकते. गाव सोडा आणि पद घ्या, असा हा सौदा.

काही जण दोन्ही साधू पाहतात. घर एका टोकाला, तळ दुसऱ्या टोकाला. मधला प्रवास रिकाम्या आसनावरून, पदरच्या वेळात. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोकडे निघालेले विमान कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, अशी ५० माणसे दगावली. दोन्ही वैमानिकांचा तळ नेवार्क. पण कप्तानाचे घर फ्लोरिडात, तर सहवैमानिक सिएटलकडून रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी पोहोचलेली. कप्तानाने ऐन वेळी चुकीची कृती केली, हे अपघाताचे कारण चौकशीत ठरले. परंतु त्यांच्या थकव्याचा प्रश्नही त्या चौकशीत निघाला, आणि पुढे विश्रांतीचे नियम कडक झाले.

दोन कंपन्या एक झाल्या म्हणजे तर यादीच रणांगण बनते. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचे मीलन झाले. २००७ साली लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी यादी जुळविली, तेव्हा सतरा वर्षे सेवा झालेला एका कंपनीचा वैमानिक दुसरीतील नवख्याच्या शेजारी आला. एकाला सेवेची वर्षे मोजावयास हवी होती, दुसऱ्याला विलीनीकरणापूर्वी प्रत्यक्ष असलेले स्थान. दोघांच्याही म्हणण्यात न्याय होता. म्हणूनच भांडण मिटेना. नाराज वैमानिकांनी २००८ साली आपली जुनी संघटनाच दूर सारली.

आपल्याकडेही १९५३ साली आठ खाजगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. २००७ साली ती एअर इंडियात विलीन झाली. पुढे २०१२ साली नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण आधी कोणाला द्यावयाचे, यावरून सुमारे दोन महिने संप चालला. त्या वादाच्या मुळाशीही बढतीची चिंता होती.

ज्येष्ठतेची यादी मोडावी असे मला वाटत नाही. तिच्याइतकी निःपक्षपाती वस्तू अद्याप सापडलेली नाही. मात्र यादीने जागा दिली म्हणजे व्यवस्थेचे कर्तव्य संपले, असे मानू नये. आमच्या बदलीच्या हुकमाबरोबर रुजू होण्यासाठी अवधी मिळतो. नवा विमानतळ उघडला की आपण धावपट्टीची लांबी विचारतो. त्याच वेळी, पहाटेचे पहिले विमान नेणारा माणूस आदल्या रात्री कोठे झोपणार, हेही कोणीतरी विचारलेले असावे. त्याच्या मागे बसणाऱ्या आपणा सर्वांचा त्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.