हौसेची सायकल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास मी घाटंजीच्या बसस्थानकावरून सायकलने चाललो होतो. चहाच्या टपरीवरून हाक आली, "काय सर, गाडी बिघडली काय?" मी म्हटले, "नाही बुवा, गाडी ठीक आहे." थोडे पुढे गेलो तर एका किराणा दुकानदाराने शटर वर करता करता विचारले, "पेट्रोल संपलं काय सर?" आणि त्याच्याही पुढे भेटले माझेच एक सहकारी प्राध्यापक. ते थांबले, जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलं का?"

म्हणजे पहा, माणूस सायकलवर बसला तर त्याला तीनच कारणे असू शकतात. एक तर गाडी बिघडली, नाही तर पैसे संपले, नाही तर रक्तातली साखर वाढली. चौथेही एक कारण असू शकते, आणि ते म्हणजे सायकल चालवायला बरे वाटते म्हणून. हे कोणाच्या मनात आले नाही. खरे सांगायचे तर दोन दिवसांपूर्वीपर्यंत ते माझ्याही मनात आले नव्हते. आज मी त्या चौथ्या कारणाविषयीच चार शब्द बोलणार आहे.

हे कारण मला दाखवले माझ्या धाकट्या भावाने. तो गेली नऊ वर्षे नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. सिंगापूर हे विषुववृत्ताच्या जेमतेम उत्तरेला असलेले एक बेट. क्षेत्रफळ सव्वासातशे चौरस किलोमीटरांहून थोडेसे अधिक. आपला यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांचा; म्हणजे आपल्या जिल्ह्यात अशी अठरा सिंगापुरे मावतील. एवढ्याशा जागेत साठ लाख माणसे राहतात, आणि त्यांतली दहांपैकी तीन बाहेरच्या देशांतून कामासाठी आलेली. आपल्यासारखे हिवाळा-उन्हाळा तिथे नाहीत. बारा महिने उकाडा, बारा महिने घाम, आणि पावसाला महिन्याचे बंधन नाही.

अशा हवेत माणसे हौसेने सायकल चालवतात, हे भावाने फोनवर सांगितले तेव्हा मला ते खरे वाटले नाही. मी म्हटले, "अरे, तुला कंपनी एवढा पगार देते, मोटार घे की!" तेव्हा त्याने मला तिथला हिशेब सांगितला. सिंगापुरात मोटार घ्यायची तर आधी ती बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. ही पद्धत तिथे 1990 पासून आहे. परवाना दहा वर्षांचा, आणि त्याचीच बोली 2023 साली एक लाख सिंगापुरी डॉलरांच्या वर गेली होती. गाडीचे पैसे निराळे! तेव्हा तिथे चांगल्या पगाराची माणसेही आगगाडीने आणि बसने कामाला जातात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पण सायकल त्याने पैसे वाचवायला घेतली नव्हती. त्याचे म्हणणे असे की, पहिले वर्षभर घर, कचेरी आणि जमिनीखालून जाणारी आगगाडी यांपलीकडे त्याला काहीच ठाऊक नव्हते. जमिनीखाली शिरायचे आणि कचेरीपाशी वर यायचे. "दादा," तो म्हणाला, "बेट मला नकाशावर माहीत होतं, पायांना माहीत नव्हतं." शनिवार-रविवार खोलीत बसून तो घरी फोन करी, आणि फोन ठेवला की दिवस खायला उठे. कचेरीतल्या एका मल्याळी गृहस्थाने त्याला एका रविवारी बळेच सोबत नेले. तेव्हापासून तो जातो आहे.

तिथे सूर्य सकाळी सातच्या आसपास उगवतो. ही मंडळी साडेपाचलाच निघतात, कारण नऊनंतर ऊन अंगाला झोंबू लागते. अंधारात पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा असलाच पाहिजे, हा कायदा आहे. रस्त्यावर डोक्याला हेल्मेट हवे. पादचाऱ्यांबरोबरच्या सामाईक वाटेवर ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर वेग चालत नाही. एका बागेतून दुसऱ्या बागेत नेणाऱ्या अशा वाटा तिथे तीनशे किलोमीटरांहून अधिक बांधलेल्या आहेत. समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर पंधरा किलोमीटर लांबीची एक बाग आहे, ईस्ट कोस्ट पार्क नावाची. तिच्यात एका बाजूला जहाजांचे दिवे आणि दुसऱ्या बाजूला झाडे. रस्त्यांवर सावली कसली, तर आपल्याकडे ज्याला विलायती शिरीष म्हणतात, त्या झाडाची! फेरी संपली की साखरेच्या दाट दुधातली तिथली कॉफी. तिला ते 'कोपी' म्हणतात. सोबत कोणाच्या तरी डब्यातला चिवडा.

या बेटाच्या ईशान्येला आणखी एक लहानसे बेट आहे, उबिन. चांगीच्या धक्क्यावरून होडी सुटते. पण बारा माणसे जमल्याशिवाय नावाडी तिला सोडत नाही. आपल्या काळ्यापिवळ्या जीपवाल्याची आठवण व्हावी! पूर्वी तिथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. त्या बंद पडल्या, वस्ती ओसरली. आता मोजकी घरे, मातीच्या वाटा, कोंबड्या, फणसाची झाडे आणि भाड्याने सायकली देणारी दुकाने. भाऊ पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा एका घराच्या अंगणात पाय टेकून उभाच राहिला. म्हणाला, "ओल्या मातीचा वास आला दादा, आणि मला घाटंजी आठवली."

परंतु श्रोते हो, चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहाटेच्या त्याच रस्त्यांवर आणखी काही सायकली दिसतात. त्या जुन्या, गंजलेल्या असतात. त्यांवर बांगलादेशातून, तामिळनाडूतून आलेले मजूर बसलेले असतात आणि ते इमारतींच्या कामावर निघालेले असतात. भाऊही परदेशी आणि तेही परदेशी. एकाची सायकल हौसेची, दुसऱ्याची गरजेची. आणि हौसेच्या सायकलींतही अशा काही आहेत, की एकीच्या किमतीत आपल्याकडे मोटारसायकल यावी. तेव्हा परदेशातले ते सगळे थोर, असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसले, की तिथे एकच वस्तू दोघांजवळ आहे आणि चांगल्या पगाराचा माणूस तिच्यावर बसायला लाजत नाही.

आपल्याकडे ही लाज कोठून आली? दूर कशाला जायचे, मी माझ्या घरातलेच सांगतो. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. बारा किलोमीटरवरच्या गावी त्यांची शाळा. काळी, उंच, बावीस इंची सायकल. मागे कॅरियरला वह्यांचा गठ्ठा आणि पॅन्टला क्लिप. अशी वीस वर्षे त्यांनी काढली. आम्ही दोघे भाऊ त्याच सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची शिकलो. धाकटा आठवी-नववीत गेला तेव्हा वर्गातल्या काही मुलांच्या घरी मोटारसायकली आल्या होत्या. वडील त्याला कॅरियरवर बसवून शाळेत सोडायला निघाले, की तो वळणाच्या अलीकडेच म्हणे, "बाबा, मला इथंच उतरवा." पुढे पुढे त्याने सांगायच्या आधीच वडील त्या वळणावर थांबू लागले. कारण त्यांनी कधी विचारले नाही.

या दिवाळीत भाऊ आला आणि म्हणाला, "दादा, बाबांच्या शाळेपर्यंत सायकलने जाऊ. त्यांची सायकल आहे ना?" आता मी काय सांगणार! घराची डागडुजी केली तेव्हा गोठ्यात टांगलेली ती सायकल मीच भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकली होती. तो काही बोलला नाही. जेवण होईपर्यंत बोलला नाही.

मग मी शेजारी गेलो. शेजारच्या मुलीला शाळेत असताना सरकारी मदतीतून सायकल मिळाली होती. मानव विकास कार्यक्रमातून शासन मागास तालुक्यांतल्या, घरापासून दूरच्या शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना अशी मदत देते. ती बारावी झाली आणि सायकल भिंतीला लागली. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजलेली. दुसरी एक सायकल भावाने दुकानदाराकडून मागून आणली. तेव्हा श्रोते हो, टपरीवाल्याला जे प्राध्यापक दिसले, ते पुढे बास्केट असलेल्या मुलींच्या सायकलवर बसलेले होते. त्याच्या हाकेला हेही एक कारण असेल!

बारा किलोमीटर जायला आम्हाला तासाहून जास्त लागला. मोटारसायकलने मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो आहे, पण त्यात दोन चढ आहेत हे मला ठाऊक नव्हते. वडिलांना ते रोज ठाऊक होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटली होती. वावरात वेचणीला आलेल्या बाया दिसत होत्या, त्यांचे बोलणे ऐकू येत होते. दुसऱ्या चढावर भाऊ उतरला आणि सायकल हातात धरून चालता चालता त्याने मला त्या वळणाची गोष्ट सांगितली. मला ती माहीत होती. तरी मी ऐकून घेतली.

परत आल्यावर सायकल द्यायला गेलो आणि त्या मुलीला सहज विचारले, "पाच वर्षं ही सायकल तुझ्याजवळ होती, तू हिच्यावरून कुठे कुठे गेलीस?" ती म्हणाली, "शाळेत." मी म्हटले, "आणि शाळेशिवाय?" ती गोंधळली आणि म्हणाली, "शाळेशिवाय कुठं जायचं असते सर?"

शिक्षक बंधुभगिनींनो, मला हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचवायचे आहे. गरज तेवढी सायकल, आणि गरज संपली की भिंत. त्या मुलीच्या हाती पाच वर्षे एक स्वतंत्र वाहन होते, आणि त्याचा उपयोग एका ठरलेल्या रस्त्याबाहेर करता येतो, हे तिला कोणी सांगितलेच नाही. आपणही नाही. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 साली प्रवास पुरा करून परतले. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विशीत असताना 2018 साली सायकलवर जगाला फेरी घातली. एवढे दूर कोणी जावे असे नव्हे. पण शेजारचे गाव, नदीचा काठ, एखादे जुने देऊळ एवढे तरी पाहावे की नाही?

महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेने पंधरा-वीस मुलामुलींची फेरी काढावी, एवढीच माझी सूचना आहे. खर्च काही नाही. मात्र काही गोष्टी सांभाळाव्यात. आपल्याकडे योग्य काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी भरते की चाकच फिरत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांचे ऊन तर तुम्ही जाणताच. तेव्हा फेरी साडेआठ-नऊच्या आत संपवावी. गोखरू आणि बाभळीचे काटे ठरलेलेच. म्हणून पाने, पंप, कातर, रबराचे ठिगळ आणि सोल्युशन सोबत घ्यावे, आणि पंक्चर मुलींकडूनच काढवून घ्यावे. एका रांगेत, डाव्या बाजूने चालावे. पुढे एक शिक्षक, मागे एक. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आणि एकूणच जंगलाच्या रस्त्याने अंधारात जाऊ नये. तिथला पहाटेचा रस्ता वाघाचा आहे, आपला नाही.

आणि या श्रमाने मुले दमतील, अशी काळजी करू नये. पायी चालायला जेवढी शक्ती लागते, तेवढ्यातच सपाट रस्त्यावर सायकल माणसाला तिप्पट-चौपट अंतर नेते. शिवाय तिचा वेग असा बेताचा, की वाटेतले झाडही ओळखता येते आणि भेटलेल्या माणसाला रामरामही करता येतो.

भाऊ सिंगापूरला परत गेला. दर रविवारी आमचा फोन होतो. तो त्याची फेरी सांगतो, मी माझी. मी एक साधी सायकल घेतली आहे, काळीच. शेजारच्या मुलीने आपली सायकल दुरुस्त करून घेतली, आणि गेल्या रविवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन वाघाडीच्या काठापर्यंत जाऊन आली. घरी उशीर झाला म्हणून थोडी बोलणीही खाल्ली, असे कळले.

टपरीवाला मात्र अजून विचारतो, "काय सर, गाडी बिघडली काय?" मी सायकल टेकवून त्याच्याकडे चहा घेतो आणि सांगतो, "गाडी ठीक आहे. आज मला बरं वाटते आहे."