न विचारतां पुसलेली पाटी

नाशकांतील एखाद्या महाविद्यालयांत चाळीस जुने संगणक आहेत असें समजा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ या यंत्रांना मानवत नाहीं. तेव्हां लिनक्स बसविणें आलें. चाळीस वेळां तेच प्रश्न, तींच उत्तरें!

तोडगा जुनाच आहे. इंटेलच्या १९९९ सालच्या पीएक्सई संहितेप्रमाणें यंत्र जागें होतांच स्थानिक जाळ्यावर साद घालतें: माझा पत्ता कोणता? आरंभाची फाईल कोठें? सर्व्हर दोन्ही सांगतो, आणि मागोमाग येते तयार उत्तरपत्रिका: भाषा, परवलीचा शब्द, हार्ड डिस्कची वांटणी. डेबियनमध्यें तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटमध्यें किकस्टार्ट. हें दुसरें नांव मोटारसायकलवाल्यांना अधिक आवडावें!

मेख पुढेंच आहे. ‘डिस्क पुसूं का?’ याचें ‘होय’ त्या पत्रिकेंत आधींच लिहिलेलें असतें. त्याच जाळ्यावरील कचेरीच्या संगणकानेंही चुकून साद घातली, तर फीचे हिशेब एका शब्दानें न विचारतां पुसले जातात. म्हणून जाणता तंत्रज्ञ प्रयोगशाळेचें जाळें निराळें ठेवतो, चाळीस नेटवर्क-कार्डांचे क्रमांक यादींत घालतो, आणि यादीबाहेरच्या यंत्रास सर्व्हरकडून उत्तरच मिळूं देत नाहीं. काम आटोपतांच आरंभक्रमांत डिस्क पहिली करावी लागते. नाहीं तर दुसऱ्या दिवशीं तेंच यंत्र पुन्हां साद घालतें आणि पुन्हां कोरें होतें.