धाप लागणाऱ्याने चालावे काय?

हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ ह्या बाजूच्या खेड्यांतून चुलीला पऱ्हाट्यांचे आणि गोवऱ्यांचे जळण पिढ्यान्पिढ्या लागत आलेले आहे. ह्या धुरात तीस-चाळीस वर्षे भाकरी भाजणाऱ्या स्त्रीला उतारवयात चार पायऱ्या चढताच धाप लागू लागते. विडी ओढणाऱ्या पुरुषाचीही तीच गत होते. मग घरची मंडळी मायेने म्हणतात, "आई, आता तुम्ही बसून राहा, काही करू नका." ही माया खरी, परंतु हा सल्ला हिताचा आहे काय, हा विचार करावयास हवा.

हा विकार केवळ धूम्रपानाचा नव्हे. पुण्याचे संशोधक डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स ह्यांनी २००९ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात चुलीच्या धुराकडे जगाचे लक्ष वेधले होते.

श्वासनलिका अरुंद झाल्या म्हणजे हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणे अधिक कठीण होते. तोंड चिंचोळे झालेला लोहाराचा भाता भराभर चालविला, तर तो पुरता रिता होण्यापूर्वीच पुन्हा भरू लागतो. चालताना रुग्णाच्या छातीत हेच घडते. शिळी हवा साठत जाते, छाती फुगलेली राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही.

धापेच्या भयाने रुग्ण हालचाल सोडतो, आणि येथेच दुसरे संकट उभे राहते. न वापरलेले पायांचे स्नायू दुबळे होतात. असे स्नायू थोड्याशा श्रमातच लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. त्या आम्लाच्या शमनातून कार्बन डायऑक्साइड वायू अधिक निघतो, आणि तो बाहेर टाकण्यासाठी अधिक श्वास घ्यावा लागतो. म्हणजे धापेमुळे विश्रांती, विश्रांतीमुळे दुर्बलता आणि दुर्बलतेमुळे पुन्हा धाप, असे हे दुष्टचक्र आहे.

ते तोडता येते काय? अमेरिकेतील रिचर्ड कॅसाबुरी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९१ साली १९ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर तेवढ्याच श्रमाला आम्ल कमी निर्माण होऊ लागले आणि श्वासाची गरजही घटली. जोरकस व्यायाम करणाऱ्यांत हा लाभ अधिक दिसला. व्यायामाने अरुंद नलिका रुंद होत नाहीत. सुधारतात ते स्नायू. श्वास संथ आणि खोल झाला, की उच्छ्वासाला अवधी मिळतो व छातीत हवा कमी साठते. २०१५ साली कॉक्रेन संस्थेने ६५ प्रयोगांतील ३,८२२ रुग्णांचा आढावा घेतला. व्यायामयुक्त पुनर्वसनानंतर सहा मिनिटांत चालून होणारे अंतर सरासरी सुमारे ४४ मीटरने वाढलेले आढळले. ज्याला अंगणापलीकडे जाणे दुरापास्त झाले आहे, त्याला ह्या ४४ मीटरांचे मोल सांगावयास नको.

मात्र आरंभ वैद्यकीय तपासणीनेच व्हावा. हृदयविकार नाही ना, श्रमात रक्तातील प्राणवायू उतरत नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे. दुखणे एकाएकी बळावले असता, अथवा छातीत कळ येत असता व्यायाम वर्ज्य समजावा. एरवी सपाट जागी, तुटक वाक्ये बोलता येतील इतपतच धाप लागावी, अशा बेताने चालावे. दम लागताच थांबून ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा, आणि पुन्हा चालू लागावे. आठवड्यातून निदान तीन दिवस, असे सहा ते आठ आठवडे केले असता फरक दिसू लागतो. सोडून दिल्यास मिळविलेले हळूहळू जाते. औषधे बंद करू नयेत, आणि चुलीचा व विडीचा धूर तर कायमचा टाळावा.

तेव्हा घरातील वडील माणसाला धाप लागली, तर त्याला खाटेवर बसवून ठेवण्यात खरी सेवा नाही. त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून, त्याच्याच गतीने चार पावले बरोबर चालणे, ही त्याची खरी सेवा होय.