जुन्या स्कूटरचा टायर आणि पावसाळा



आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस थोडें हसूं येईल. स्कूटरचा टायर ही पंक्चरवाल्याच्या दुकानांतली वस्तु. तिच्यावर व्याख्यान तें काय द्यावयाचें! परंतु नवी मुंबईसारख्या नगरांत, जेथें जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्ता बहुधा ओलाच असतो, तेथें स्वार आणि रस्ता यांच्यामध्यें जी वस्तु असते ती एवढीच. तळहाताहूनहि लहान अशा दोन ठिकाणीं स्कूटर जमिनीला टेकलेली असते. चालविणारे गृहस्थ, मागें बसलेली पत्नी आणि पुढें उभें केलेलें मूल, या सर्वांचा भार त्या दोन ठिकाणांवर असतो.

कॅनडा, फिनलंड यांसारख्या हिमप्रदेशांत बर्फावर धांवणाऱ्या गाड्यांच्या रबरी पट्ट्यांत पोलादी खिळे बसवितात. ते झिजले किंवा गळून पडले कीं बर्फावरची पकड जाते, म्हणून हंगामापूर्वीं ते तपासून बदलावे लागतात. आपल्याकडे बैलाच्या खुराला नाल ठोकतात, तीहि खूर झिजूं नये आणि पाय घसरूं नये म्हणूनच. डांबरी किंवा काँक्रीटच्या ओल्या रस्त्यावर मात्र खिळ्यांचें काम नाहीं. येथें पाणी बाजूला सारण्याचें काम टायरच्या खांचा करतात आणि खडीला धरून राहण्याचें काम रबर करतें. हीं दोन कामें निराळीं आहेत, आणि बहुतेक लोक त्यांतलें पहिलेंच पाहतात, कारण खांचा डोळ्यांना दिसतात. रबराचा मऊपणा डोळ्यांना दिसत नाहीं.

जुन्या स्कूटरच्या मालकांची फसगत नेमकी येथें होते. बजाज कंपनीची 'चेतक' १९७२ सालीं निघाली. पुढें नांव नोंदवून वर्षांनुवर्षें वाट पाहिल्यावर ती घरांत येई आणि आली म्हणजे घरांतल्या माणसाप्रमाणेंच राही. त्या पेट्रोलवरच्या चेतकचें उत्पादन थांबून आतां पुष्कळ वर्षें झालीं. आज त्या नांवानें विजेवर चालणारी निराळीच स्कूटर मिळते. तथापि वाशी, नेरूळ, बेलापूर येथील जुन्या वसाहतींत ती गिअरची स्कूटर अजून कोणी कोणी हौसेनें व मायेनें चालवितात. तिची एक मोठी सोय अशी कीं पुढचें व मागचें चाक एकाच मापाचें, आणि तिसरें चाक, ज्याला आपण स्टेपनी म्हणतों, तें बरोबरच असतें. मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणजे काटकसरी गृहस्थ ती स्टेपनी काढतात. तिच्या खांचा नव्यासारख्या खोल असतात. 'वापरलाच नाहीं, अगदीं कोरा आहे,' असें म्हणून ते ती मागें बसवितात आणि निर्धास्तपणें पावसांत निघतात.

माझ्या मतें त्या स्कूटरवरचा सर्वांत धोक्याचा टायर तोच होय. रबर न वापरल्यानें टिकत नाहीं. उष्णता, ऊन, हवेंतील प्राणवायु आणि ओझोन यांमुळें तें वर्षानुवर्षें कडक होत जातें. कारखानदार रबरांत मेणासारखीं कांहीं रक्षक द्रव्यें मिसळतात. टायर फिरतांना दबतो व पुन्हां उभारतो, त्या हालचालीनें तीं द्रव्यें हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात व ओझोनपासून रबराचें रक्षण करतात. जो टायर नुसता पडून असतो त्याला ही हालचाल मिळत नाहीं, आणि त्याच्यावर बारीक भेगांचें जाळें लवकर उमटतें. शिवाय रस्त्यावरची पकड येते ती रबर खडीच्या बारीक उंचसखल भागांत दबून बसतें म्हणून. कडक रबर दबत नाहीं. तें त्या उंचवट्यांवरून नुसतें सरकतें. कोरड्या रस्त्यावर हें फारसें जाणवत नाहीं. ओल्यावर ब्रेक लावतांच जाणवतें.

मग पारख कशी करावी? टायरच्या कडेवर कोरलेल्या अक्षरांच्या ओळीच्या शेवटीं बहुधा चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तेथें तीनच आंकडे आढळले तर तो टायर गेल्या शतकांतला आहे असें समजावें, त्याला हात जोडावे आणि काढून टाकावा. पांच वर्षांनंतर दरसाल बारकाईनें तपासावें आणि दहा वर्षांनंतर कसाहि दिसला तरी ठेवूं नये, असें कारखानदारांचें सर्वसाधारण सांगणें असतें. आपल्या उन्हाचा व पावसाचा विचार करतां मी स्वतः सहा वर्षांवरच्या टायरनें पावसाळ्यांत निघणार नाहीं. आंकडे पुसट असतील तर अंगठ्याचें नख खांचेच्या कडेवर दाबावें. चांगलें रबर किंचित् दबतें व परत वर येतें. नख लाकडावर दाबल्यासारखें वाटलें, किंवा खांचेच्या तळाशीं व कडेवर भेगा दिसल्या, तर निर्णय झालाच.

खांचांची खोलीहि पाहावीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं दुचाकीसाठीं किमान ०.८ मिलिमीटर खोली ठरविली आहे, मोटारींसाठीं १.६. टायरच्या बाजूला लहान त्रिकोण किंवा टी डब्ल्यू आय हीं अक्षरें असतात. त्यांच्या रेषेंत खांचेच्या तळाशीं रबराचा लहानसा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली कीं टायर संपला. परंतु ही शेवटची मर्यादा आहे, पावसासाठीं पुरेशी नव्हे. काडेपेटीच्या काडीची जाडी सुमारें दोन मिलिमीटर असते. ती खांचेंत आडवी घातली असतां रबराच्या वर डोकावूं लागली, तर जूनपूर्वींच दुकान गाठावें.

आपल्या नगराचे रस्ते या बाबतींत मोठे परीक्षक आहेत. पहिल्या पावसाच्या सरी पडतात तेव्हां महिन्यांचें सांचलेलें तेल व धूळ वर येते आणि रस्त्यावर साबणासारखा थर धरतो. जोराचा पाऊस होऊन तो धुऊन जाईपर्यंतचा वेळ सर्वांत वाईट. ठाणें-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांची व न्हावा-शेवा बंदराची जड वाहतूक, तुर्भ्याच्या बाजारपेठेबाहेर मालमोटारींतून गळलेलें तेल व चिरडलेला भाजीपाला, खाडीवरील पुलाचे लोखंडी सांधे, चौकांतले रंगविलेले पट्टे व गटारांचीं झांकणें, यांतलें एकहि ठिकाण नवखें नाहीं. पाम बीच मार्ग तर सरळ आणि रुंद असल्यामुळें वेगाचा मोह घालतो. स्कूटरचें चाक लहान, दहा इंची रिमचें. खड्ड्यांत तें मोठ्या चाकापेक्षां अधिक खोल उतरतें, आणि पाण्याखालचा खड्डा तर दिसतहि नाहीं.

नवा टायर निवडतांना माप तेंच ठेवावें, चेतकला ३.५०-१० हें माप चालतें. भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी आणि दुकानांतल्या टायरचेहि चार आंकडे वाचावे, कारण तेथेंहि एखादा टायर वर्षांनुवर्षें फळीवर बसून असतो. पावसासाठीं तिरप्या खांचा मधून कडेपर्यंत पोहोंचणारी नक्षी चांगली. मोठमोठ्या ठोकळ्यांची नक्षी दिसावयास दणकट असते, पण ती चिखलासाठीं. डांबरावर तिचा स्पर्श कमी पडतो. पुन्हां रबर चढविलेला टायर दुचाकीला घेऊं नये. ट्यूबलेस टायर घेतला तरी जुन्या स्कूटरच्या दोन तुकड्यांच्या रिमवर त्यांत ट्यूब घालावीच लागते, नाहीं तर सांध्यांतून हवा जाते. टायर नवा तर ट्यूबहि नवी.

ही दोन तुकड्यांची रिम घरीं उघडणाऱ्यांनीं एक गोष्ट फार लक्षपूर्वक ऐकावी. कांहीं नट चाक स्कूटरला धरून ठेवतात आणि कांहीं नट रिमचे दोन तुकडे एकमेकांस धरून ठेवतात. हवा भरलेली असतां या दुसऱ्या नटांना पाना लावला तर तुकडे उसळून हात किंवा चेहरा फोडूं शकतात. आधीं वाल्वची सुई काढून हवा संपूर्ण सोडावी, टायर हातानें दाबून खात्री करावी, मगच नट सैल करावे. खाडीच्या खारट हवेनें रिम आंतून गंजते. तो गंज घासून काढावा, नाहीं तर नवी ट्यूब पहिल्याच महिन्यांत कापली जाते. जोडतांना ट्यूबमध्यें किंचित् हवा ठेवावी, म्हणजे ती दोन तुकड्यांच्या मध्यें चिमटत नाहीं. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला असावा.

एकच टायर घेण्याची ऐपत असेल तर तो कोठें घालावा? मागचा टायर लवकर झिजतो म्हणून लोक नवा मागें घालतात आणि वर्षांनुवर्षें न झिजणारा पुढचा तसाच ठेवतात. मोटारीला नवे टायर मागें घालावे असें तज्ज्ञ सांगतात, पण तो नियम दुचाकीला लावूं नये. ब्रेक लावतांच भार पुढें येतो. मागचें चाक सरकलें तर कधीं कधीं सांवरतां येतें. पुढचें सरकलें तर सांवरण्यास वेळच मिळत नाहीं. म्हणून चांगला टायर पुढें. दोन्ही घेतां आले तर प्रश्नच नाहीं, आणि तिसरा स्टेपनीसाठीं ठेवून दरसाल चाकें आळीपाळीनें फिरवावीं, म्हणजे कोणताहि टायर पडून म्हातारा होत नाहीं.

'पावसांत हवा थोडी कमी ठेवली कीं पकड वाढते,' असें पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें. तें मानूं नये. हवा कमी असली कीं टायर मधोमध आंत दबतो, खांचा मिटतात आणि पाणी बाहेर जाण्यास वाट राहत नाहीं. स्कूटरच्या पुस्तिकेंत दिलेला दाब सकाळीं, चाक थंड असतां, तपासावा.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर सांच्यांतला गुळगुळीतपणा असतो. पहिले शंभर-दीडशें किलोमीटर वळणावर कलंडून किंवा एकदम ब्रेक दाबून त्याची परीक्षा पाहूं नये. म्हणून बदल मे महिन्यांतच, रस्ता कोरडा असतां, करणें सोयीचें. आणि काढलेला जुना टायर 'कधींतरी उपयोगी पडेल' म्हणून गच्चीवर टाकूं नका. त्यांत पावसाचें पाणी सांचतें आणि डेंग्यूचा डांस तेथेंच अंडीं घालतो. तो दुकानदाराकडेच ठेवून यावा.