रात्री किती वाजता उठले?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी कामठीचा. इंग्रजांनी १८२१ साली कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली आणि तेव्हापासून आमचे गाव फौजेच्या सोबतीनेच वाढले. आज इथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे. जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने १९४९ साली उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटने सगळ्या प्रांतांच्या आणि जातिधर्मांच्या जवानांना एका पंगतीत बसवले. त्यामुळे संचलन करणारा जवान आम्हाला नवा नाही. पण पेन्शन घेऊन घरी परतलेला जवान रात्री काय करतो, हे मात्र आम्ही कधी पाहिले नाही. मीही पाहिले नव्हते, आणि ते माझ्या घरातच घडत होते.

माझे मामू १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर होते. फौजेतून परत आले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. अंगावर ओरखडा नव्हता. पण रात्री अडीच-तीनला ते उठत. दाराची कडी तीनतीनदा तपासून पाहत आणि मग अंगणात खाट टाकून उजाडेपर्यंत बसून राहत. कुकरची शिट्टी झाली की हातातला घास गळून पडे. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते एकटेच नदीकडे निघून जात. मुमानी विड्या वळत वळत शेजारणींना सांगत, "फौजी आहेत ना, स्वभाव कडक आहे." घरात आम्ही सगळे त्याला स्वभावच म्हणत होतो. एका दवाखान्यात ताकदीच्या गोळ्या मिळाल्या, कुणी ताईत आणून दिला. दुखते कुठे, हे मात्र कुणी विचारले नाही.

मी तेव्हा बी.ए.ला होतो आणि नुकताच मराठीत कविता लिहू लागलो होतो. २६ जानेवारीच्या कार्यक्रमात मी जवानावरची एक कविता म्हटली. तोफा, रणदुंदुभी, रक्ताचा टिळा, सगळे काही तिच्यात होते. टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेले मामू मध्येच उठून गेले. घरी आल्यावर म्हणाले, "बेटा, कविता चांगली होती. पण तिथे वास असतो. तो तुझ्या कवितेत नव्हता." मला राग आला. ते काय सांगत होते, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली.

मामूंना सावरले ते एका निवृत्त हवालदाराने. हे गृहस्थ वर्धेकडचे, पेन्शनीनंतर कामठीतच स्थायिक झालेले. दोघांच्या पलटणी वेगळ्या, पण गोराबाजारातल्या चहाच्या टपरीवर त्यांची ओळख झाली. राम राम झाला आणि हवालदारसाहेबांनी एकच प्रश्न विचारला, "खानसाहेब, रात्री किती वाजता उठले तुम्ही?" झोप का येत नाही, असे त्यांनी विचारले नाही. तुम्हाला काय झाले आहे, असेही नाही. मामूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अडीचला." हवालदारसाहेब म्हणाले, "मी तीनला."

एवढेच. दुसऱ्या दिवशी मामू आपण होऊन त्या टपरीवर गेले. पुढे कित्येक वर्षे ते रोज जात राहिले.

हवालदारसाहेबांच्या पत्नी आमच्याकडे येऊ लागल्या. त्यांनी मुमानीला एक साधी गोष्ट शिकवली. "भाभी, झोपेतून उठवताना यांच्या अंगाला हात लावू नका. पायथ्याशी उभ्या राहा अन् लांबून आवाज द्या." हे त्या कुठल्या पुस्तकात वाचून आल्या नव्हत्या. त्यांच्या घरात जे घडून गेले होते, त्यातून त्या शिकल्या होत्या.

या दुखण्याला नाव मिळायलाही फार काळ लागला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. पण त्याच युद्धात भेकडपणा आणि पळून जाणे अशा आरोपांखाली ब्रिटिश फौजेने आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एकमेकांशी बोलायला जमू लागले आणि १९८० साली या विकाराला अधिकृत वैद्यकीय नाव मिळाले. म्हणजे सैनिक आधी बोलले, शास्त्राने त्यानंतर ऐकले.

कॅनडातली गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्टेफान ग्रेनिए नावाचे अधिकारी १९९४ साली रवांडात होते. तिथून परतल्यावर ते स्वतःच कोसळले. 'विकार' या शब्दाची जवानाला लाज वाटते, म्हणून त्याला 'जखम' म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. २००१ साली त्यांच्या पुढाकाराने तिथे एक उपक्रम सुरू झाला. जे स्वतः या जखमेतून गेले आहेत, अशा माजी सैनिकांना प्रशिक्षण देऊन दुसऱ्यांच्या सोबतीला पाठवायचे. ही माणसे डॉक्टर नव्हेत. ती ऐकतात आणि योग्य वेळी डॉक्टरांपर्यंत घेऊन जातात. घरच्या माणसांना आधार द्यायलाही अशाच घरांतली माणसे असतात. आमच्या गोराबाजारात जे नकळत घडले, ते तिथे विचारपूर्वक उभे केले गेले.

आपल्याकडे याची बीजे नाहीत असे नाही. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पाठीचा कणा दुखावलेले जवान तिथे एकमेकांच्या सोबतीने नव्याने जगायला शिकतात. पण ती जखम दिसते. न दिसणाऱ्या जखमेसाठी १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 'टेलि-मानस'चा खास सैन्यदलांसाठीचा कक्ष सुरू झाला. आपल्यापैकी कुणालाही १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

फौजेत जवानाला एक 'बडी' असतो, म्हणजे जोडीदार. पहाऱ्यावर एक जागा असला तर दुसरा झोपतो. निवृत्तीच्या वेळी जवानाला पेन्शन मिळते, कॅन्टीनचे कार्ड मिळते, २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएसची आरोग्य योजनाही आहे. पण बडी मागेच राहतो. घरी आल्यावर पहारा मात्र चालूच असतो, आणि आता तो एकट्याने द्यावा लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गावोगावच्या माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी परतलेल्या प्रत्येक जवानाला एक जोडीदार नेमून द्यावा. त्याला थोडे शिक्षण द्यावे. इमारत लागत नाही, चहाची टपरी पुरते.

एक सावधगिरी मात्र हवी. सोबत म्हणजे औषध नव्हे. जवान दारूत बुडू लागला, घरात हात उचलू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर "कुणाला सांगू नकोस" हे वचन पाळायचे नसते. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे असते. मामूंनाही शेवटी मनाच्या डॉक्टरकडे नेले ते हवालदारसाहेबांनीच. बाहेरच्या बाकावर ते स्वतः बसून राहिले.

मामू गेले तेव्हा मातीला हवालदारसाहेब आले होते. काही दिवसांनी त्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या. मुमानी नेहमीसारख्या विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाई शेजारी बसल्या, दोन पाने त्यांनीही हातात घेतली आणि हळूच विचारले, "भाभी, रात्री किती वाजता उठता?"

त्या दिवशी मुमानी पहिल्यांदा रडल्या. इतकी वर्षे त्याही अडीचलाच उठत होत्या. आमच्यापैकी कुणी त्यांना हे विचारलेच नव्हते.