घराखालचा वायू आणि अखंड फिरणारा पंखा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सी या राज्यांत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे काही महिने राहून आलेली वडीलधारी मंडळी आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भेटतात. तेथील काही घरांच्या बाहेरच्या भिंतीला लागून थेट छपरापर्यंत गेलेला एक पांढरा नळ आणि त्या नळाच्या वाटेत बसविलेले फुगीर पोटाचे यंत्र त्यांपैकी कित्येकांच्या पाहण्यात आले असेल. पावसाच्या पाण्याची पन्हळ किंवा स्वयंपाकघराचे धुराडे समजून त्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो नळ पाणीही वाहून नेत नाही आणि धूरही नाही. घराखालच्या मातीतून निघणारा रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू घरात शिरण्यापूर्वीच ओढून घ्यावयाचा व छपराच्या वर सोडून द्यावयाचा, एवढेच त्याचे काम. मात्र ते रात्रंदिवस, बाराही महिने चालू राहावे लागते.

रेडॉन हा मानवनिर्मित वायू नव्हे. खडकांत आणि मातीत सर्वत्र अल्पांशाने असलेल्या युरेनियमचे क्रमाक्रमाने विघटन होताना रेडियम तयार होते आणि रेडियमपासून हा वायू निर्माण होतो. त्याला रंग, वास किंवा चव नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवसांचे असल्यामुळे मातीतील पोकळ्यांमधून वर येण्यास त्याला पुरेसा अवधी मिळतो. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर पडतो. परंतु त्याच्या विघटनातून निर्माण होणारे पोलोनियमसारखे पदार्थ फुफ्फुसात चिकटून राहतात आणि त्यांतून निघणारे अल्फा कण तेथील पेशींना इजा करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्या देशात दरवर्षी सुमारे २१,००० व्यक्ती दगावतात. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो.

या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले ते १९८४ च्या डिसेंबरमध्ये, आणि तेही काहीशा विचित्र रीतीने. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक येथील अणुविद्युत केंद्रात काम करणारे अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्या अंगावरील किरणोत्सर्गामुळे तेथील धोक्याची घंटा वारंवार वाजू लागली. शोध घेता असे आढळले की, हा किरणोत्सर्ग केंद्रातील नव्हता. तो ते आपल्या घरून घेऊन येत होते. बॉयरटाउनजवळील त्यांच्या घराच्या हवेत दर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी इतका रेडॉन होता. पुढे पर्यावरण संरक्षण संस्थेने उपाययोजनेसाठी जी मर्यादा ठरविली, ती केवळ ४ पिकोक्युरीची आहे. त्या कुटुंबाला घर सोडावे लागले आणि घराखालच्या वायूची व्यवस्था लावल्यानंतरच परतता आले. १९८८ मध्ये अमेरिकेने घरांतील रेडॉनविषयी स्वतंत्र कायदा केला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याहूनही कडक, म्हणजे दर घनमीटरमागे १०० बेकरेल (सुमारे २.७ पिकोक्युरी) ही संदर्भपातळी सुचविली.

मातीतून वर येणारा हा वायू मोकळ्या हवेत विरून जातो. मग घरातच तो का साचावा? याचे उत्तर थंड प्रदेशातील घरांच्या रचनेत आहे. हिवाळ्यात दारेखिडक्या घट्ट लावून घर आतून तापविले जाते. तापलेली हवा वर चढते व छपराकडील फटींतून निसटते. तळघरात त्यामुळे हवेचा दाब किंचित कमी होतो आणि घर एखाद्या मोठ्या धुराड्याप्रमाणे जमिनीतील हवा आत ओढू लागते. काँक्रीटच्या तळजमिनीतील भेगा, भिंत व जमीन यांच्यामधील सांधे, पाण्याच्या नळांभोवतीच्या फटी या सर्व तिच्या वाटा होत. शेजारशेजारच्या दोन घरांत रेडॉनचे प्रमाण अगदी भिन्न असू शकते; म्हणून शेजाऱ्याच्या चाचणीवर विसंबून चालत नाही. महाराष्ट्रातील सामान्य घराला तळघर नसते आणि खिडक्या वर्षातील बराच काळ उघड्या राहतात, त्यामुळे असा पंखा येथे सहसा दिसत नाही. भारतातील घरांमधील रेडॉनचे मोजमाप मात्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केलेले आहे.

केवळ भेगा बुजविणे हा पुरेसा उपाय नव्हे, असा अनुभव आहे. म्हणून दाबाचा हाच खेळ उलटविला जातो. तळघराच्या जमिनीला भोक पाडून खालच्या खडीच्या थरात लहानसा खळगा करतात, त्यात तीन किंवा चार इंच व्यासाचा प्लास्टिकचा नळ बसवितात आणि नळाच्या वाटेत पंखा जोडतात. पंखा चालू झाला की जमिनीखालचा दाब घरातील दाबापेक्षा कमी होतो व वायू घराऐवजी नळाकडे वळतो. रचना नीट जमली तर रेडॉनचे प्रमाण ९९ टक्क्यांपर्यंत उतरू शकते.

पंखा कोठे बसवावयाचा, हा यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वावरासाठी सोपे म्हणून तो तळघरातच लावण्याचा मोह होतो. पण तसे करणे घातक ठरते. पंख्याच्या खालच्या भागात नळातील हवा ओढली जात असते, तर वरच्या भागात ती दाबाने ढकलली जात असते. वरच्या भागातील एखादा सांधा सैल झाला, तर जमिनीखालून गोळा केलेला सर्व वायू थेट त्या जागेत पसरेल. यास्तव पंखा घराबाहेर किंवा छपराखालच्या रिकाम्या माळ्यावर बसवितात. तो उभ्या नळातच असावा आणि आडव्या नळाला खळग्याकडे उतार असावा, म्हणजे दमट हवेतील पाणी गोठून किंवा साचून वाट अडवीत नाही. नळाचे तोंड जमिनीपासून किमान दहा फूट उंच, छपराच्या वर आणि खिडक्यांपासून दूर ठेवतात. घरात गॅसवर चालणारा पाण्याचा बंब किंवा भट्टी असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जमिनीतील फटी बुजविलेल्या नसतील, तर पंखा घरातील हवाच ओढू लागतो आणि बंबाचा विषारी धूर वर जाण्याऐवजी खोलीत परततो. पेनसिल्व्हेनियात मोबदला घेऊन हे काम करणाऱ्यास राज्य शासनाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे, ते उगाच नव्हे.

येथवर बसविण्याचा भाग झाला. खरी अडचण पुढे आहे. आपल्या ग्रामीण भागात निर्धूर चुलींचा प्रसार झाला, तेव्हा असे दिसून आले की, धुराडे काजळीने भरले आणि कोणी ते साफ केले नाही, की चूल जागेवर असूनही स्वयंपाकघर पुन्हा धुराने कोंदे. नोंदवहीत मात्र ती चूल बसविलेलीच राही. तेथे निदान डोळ्यांना पाणी येऊन बिघाड कळत असे. रेडॉनचा पंखा बंद पडला तर घरात काहीच बदलत नाही. नळ तसाच उभा असतो, हवेला वास येत नाही, कोणाला खोकला येत नाही, आणि वायू पूर्वीच्याच पातळीवर जाऊन पोहोचतो.

यासाठीच नळावर दृष्टीच्या टप्प्यात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, रंगीत द्रव भरलेली एक छोटी नळी लावतात. तिच्या दोन बाजूंच्या पातळ्यांत फरक असेल तर पंखा ओढत आहे. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या तर तो बंद आहे किंवा नळ कोठेतरी उघडा पडला आहे. बसविल्याच्या दिवशीचा फरक तेथेच लिहून ठेवणे उपयुक्त ठरते, कारण पुढे तो फार वाढला तर खाली पाणी साचून वाट तुंबल्याची शंका घेता येते. तळघरात जाता-येता त्या नळीकडे एकदा पाहणे, एवढाच हा उपचार. तथापि ती नळी फक्त ओढ दाखविते, रेडॉन मोजत नाही. हवेची चाचणी वेगळीच करावी लागते: पंखा चालू होऊन चोवीस तास उलटल्यावर, पण तीस दिवसांच्या आत पहिली, त्यानंतर दर दोन वर्षांनी, आणि घराची दुरुस्ती वा वाढ केल्यास पुन्हा. अल्पावधीच्या चाचणीसाठी कोळशाची डबी काही दिवस दारेखिडक्या बंद ठेवून घरात ठेवतात. नव्वद दिवसांहून अधिक काळ ठेवावयाची साधने वर्षभराच्या सरासरीविषयी अधिक विश्वसनीय माहिती देतात.

पंख्याला तेलपाणी लागत नाही आणि तो साधारणतः पाच वर्षे वा त्याहून अधिक टिकतो. गुरगुर किंवा थरथर वाढली की त्याचे दिवस भरत आले असे समजावे. नवा पंखा त्याच क्षमतेचा हवा व तो बसविल्यावर चाचणी पुन्हा व्हावयास हवी. कित्येकदा पंखा नादुरुस्त नसतोच. आवाज होतो किंवा वीज जळते म्हणून घरातील कोणीतरी त्याचे बटण बंद केलेले असते, आणि वस्तुतः त्याला लागणारी वीज जुन्या पद्धतीच्या एखाद्या दिव्याइतकीच असते. घर विकले गेले तर नव्या मालकाला हे बटण कशाचे, हेही ठाऊक नसते. म्हणून बटणावर व नळावर ठळक चिठ्ठी लावावी. आणि नळीवरील मूळ फरक, पंखा बसविल्याची तारीख व सर्व चाचण्यांचे निकाल यांची एक धारिका तळघरात त्या नळाजवळच टांगून ठेवावी.